चिंध्या वाळत घाल

कोल्हापूर

चि. सायलीस,

काल ताईचा फोन आला. पोर्ट्रेटच्या वर्कशॉपसाठी तू चोवीस रंगांचा संच घेतलास, त्यात मेसचे पैसे गेले, हे ती रडकुंडीला येऊन सांगत होती. त्याचं एवढं काही नाही. पण तेलाच्या चिंध्या तू कॉटखाली पिशवीत कोंबतेस, हे तिने जाता जाता सांगितलं आणि मला झोप लागेना. अक्कल गहाण ठेवलीस का? जवसाचं तेल वाळतं ते हवेतला प्राणवायू घेऊन, आणि घेताना तापतं. पसरलेल्या चिंधीतून ती ऊब निघून जाते. बोळा केला की आत साठते आणि चिंधी पेटते. सिनेमाच्या बॅनरवाल्यांकडे कोपऱ्यातल्या ढिगातून धूर येताना मी पाहिलाय. ना विडी, ना काडी.

संच परत घेत असतील तर देऊन टाक. स्वीडनच्या झॉर्न या चित्रकाराचं चार रंगांत भागायचं. टायटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब घे, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, आयव्हरी ब्लॅक. काळ्यात पांढरा मिसळून तांबूस गालाशेजारी लाव, चक्क निळसर दिसतो. सोबत बर्न्ट अंबर असू दे. टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासवर फिरव आणि पुसून घे, म्हणजे पांढरं फटक अंगावर येत नाही. तेल वरच्या थरांत, खाली नको, नाहीतर पुढे तडे जातात. ब्रश हॉग हेअरचे, तीनच, पण चांगले. स्वस्तातले घेतलेस तर नाकावर केस चिकटलेले निघतील. आणि पुसायला वापरलेली चिंधी खिडकीबाहेर दोरीवर! नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात. टर्पेंटाइन उघडलंस की खिडकीही उघडी. जेवणाआधी हात साबणाने धू, कॅडमियम पोटात जायची वस्तू नव्हे.

आण्णांचं तुला ठाऊकच आहे. मला जे. जे.ला जायचं होतं, त्यांनी परस्पर कारखान्यात चिकटवलं. ड्यूटी सुटली की बॅनरवाल्यांकडे जाऊन बसायचो, नटांच्या हनुवट्या रंगवायचो. समोर जिवंत माणूस बसवून रंगवणं राहिलंच. म्हणून तुझा हेवा वाटतो, आणि रागही त्यातूनच आला असेल थोडा.

बालगंधर्व रंगमंदिरात देऊस्करांनी काढलेली बालगंधर्वांची दोन्ही चित्रं आहेत, पुरुषवेशातलं आणि स्त्रीवेशातलं. नाटकाचं तिकीट काढून का होईना, बघून ये. माणूस एकच, पण कातडी कशी वेगळी रंगवलीय ते मला लिही.

पैसे पाठवतोय, आधी मेसचे भर. ताईला मी समजावतो. मामीने जुन्या धोतराच्या चिंध्या फाडून ठेवल्यात, मऊ आहेत, पाठवून देतो. वाळत घालशील ना गं? दिवाळीत मॉडेल मिळालं नाही तर इकडेच ये. मी दोन तास हलणार नाही. मिशी काळी करू की पांढरीच राहू दे, तेवढं कळव.

तुझा,
मामा