तेल्याचा खर्च: बागेत डाग दिसण्याआधीचा आणि नंतरचा

डाळिंबावर तेल्या आला की सांगोल्यापासून सटाण्यापर्यंत एकच धावपळ सुरू होते. शेतकरी दुकान गाठतो आणि चार-पाच बाटल्या घेऊन परततो. पण तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. फळावर एकदा तेलकट डाग पडला, तो काळा होऊन फळ तडकलं, की कोणतंही औषध ते फळ पुन्हा विक्रीलायक करत नाही. फवारणी फार तर उरलेली फळं वाचवते. म्हणून तेल्यावरचा मुख्य खर्च बाग विश्रांतीत असतानाच करायचा.

रोग येतो कुठून?

नव्या बागेत तो बहुधा रोपांबरोबर येतो. जुन्या बागेत तो खोडा-फांद्यांवरच्या डागांत आणि खाली पडलेल्या पाना-फळांत टिकून राहतो. पावसाचे थेंब आणि वारा त्याला झाडावरून झाडावर नेतात, छाटणीची कात्री एका ओळीतून दुसऱ्या ओळीत नेते. उबदार, दमट, ढगाळ हवा त्याला मानवते. त्यामुळे मृग बहरात धोका सर्वाधिक. पाऊस ओसरल्यावर धरलेला हस्त बहर तुलनेने सुरक्षित, मात्र पाण्याची सोय हवी.

एकरी हिशोब

४.५ × ३ मीटर अंतरावर एकरात सुमारे ३०० झाडं बसतात. पुढचे दर केवळ हिशोबासाठी धरले आहेत: मोरचूद ३०० रुपये किलो, चुना ३० रुपये किलो, ब्लिचिंग पावडर ५० रुपये किलो, मजुरी ४०० रुपये रोज, ब्लोअरचं भाडं फवारणीला ५०० रुपये. तुमच्या गावचे दर घालून आकडे बदला.

- रोगट पानं, फळं, काड्या वेचून बागेबाहेर जाळणं, ४ मजूर: १,६०० रुपये
- कात्री निर्जंतुक करायला सोडियम हायपोक्लोराइट: २०० रुपये
- जमिनीवर ब्लिचिंगचं द्रावण, ४०० लिटर पाण्यात १० किलो, १ मजूर: ९०० रुपये
- खोडाला १० टक्के बोर्डो पेस्ट, ३० लिटर, २ मजूर: १,७९० रुपये
- १ टक्का बोर्डोच्या ३ फवारण्या, प्रत्येकी ४०० लिटर: ५,४६० रुपये

बेरीज ९,९५० रुपये, म्हणजे झाडामागे साधारण ३३ रुपये. छाटणी यात धरलेली नाही, कारण ती एरवीही करावीच लागते. फळाला ८० रुपये किलो भाव धरला तर झाडामागे अर्धा किलो माल वाचला तरी हा खर्च निघतो.

पैसे वाचतात कुठे?

बोर्डो घरी करा. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो चुना वेगळ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपात. मग एकत्र ओता. लोखंडी भांडं वापरू नका. द्रावणात स्वच्छ सुरी मिनिटभर बुडवा. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडी निवळी आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

छाटणी उक्ती दिली असेल तर कात्री झाडागणिक बुडवायची अट आधीच ठरवा. त्यासाठी दर थोडा वाढवून मागितला तरी द्या. डागाच्या दोन इंच खालून काप घ्या आणि कापावर पेस्ट लावा.

पैसे कुठे सोडावे लागतात?

रोपांत. ऊतिसंवर्धित रोप गुटीपेक्षा महाग मिळतं. झाडामागे २० रुपये जास्त धरले तर एकरी ६,००० रुपये होतात. मातृबाग रोगमुक्त असल्याची खात्री नसेल तर हा फरक द्यावा. पण ते रोप रोगप्रतिकारक नसतं, शेजारच्या बागेतून तेल्या त्यालाही लागतो.

पैसे कुठे बुडतात?

एकाच टाकीत चार औषधं मिसळण्यात, पाऊस चालू असताना फवारण्यात आणि लेबलवर डाळिंबाचं नाव नसलेली बाटली घेण्यात. ‘तेल्या मुळासकट जाईल’ अशी हमी देणाऱ्याकडून ती लिहून मागा. प्रतिजैविकं स्वतःच्या मनाने वापरू नका. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचं वेळापत्रक आणि कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला आधी घ्या.

बिल आणि विमा

पक्कं बिल घ्या. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असावी. रिकामा डबा हंगाम संपेपर्यंत टाकू नका. माल बोगस वाटला तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.

हवामान आधारित फळपीक विम्यात शेतकऱ्याचा हिस्सा सर्वसाधारणपणे विमा रकमेच्या ५ टक्के असतो, काही जिल्ह्यांत अधिक. भरपाई मात्र हवामान केंद्रावरच्या पाऊस, तापमान, आर्द्रतेच्या नोंदींवर ठरते, तुमच्या बागेतल्या डागांवर नाही. त्यामुळे विमा काढला म्हणून विश्रांतीतली एकही फवारणी चुकवू नका.