शाळेची फी आणि कर : व्यापाऱ्याने समजून घ्यावयाचा हिशेब

ब्रिटन सरकारने १ जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लावला. श्रीमंतांच्या शाळांकडून पैसा घेऊन सरकारी शाळांत शिक्षक नेमावयाचे, असे त्या सरकारचे म्हणणे. काही पालक आणि काही लहान धार्मिक शाळा कोर्टात गेल्या, पण जून २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने त्यांचा दावा फेटाळला. खाजगी शाळांच्या फीवर आपल्याकडेही कर असावा काय, हा विषय आता अधूनमधून निघतो. आपले अनेक बंधू फी भरणारे पालक आहेत, काही शाळा चालविणाऱ्या ट्रस्टवर आहेत. यास्तव बाजू घेण्यापूर्वी हिशेब समजून घेऊ या.

आज कायदा काय आहे?

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हापासून बालवाडी ते बारावीपर्यंतच्या शाळेने विद्यार्थ्याला दिलेल्या शिक्षणावर कर माफ आहे. शाळा अनुदानित असो वा विनाअनुदानित, उर्दू माध्यमाची असो वा इंग्रजी. शाळेसाठी विद्यार्थ्यांची ने-आण, माध्यान्ह भोजन आणि शाळेच्या आवारातील पहारा व सफाई यांवरही माफी आहे. मान्यताप्राप्त आयटीआयमधील ठरावीक धंद्यांच्या शिक्षणालाही ती लागू आहे. कारागीर बंधूंनी हे लक्षात ठेवावे.

खाजगी शिकवणीचे मात्र तसे नाही. कोचिंग क्लासवर २००३ पासून सेवाकर होता. आता १८ टक्के जीएसटी आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या क्लासला नोंदणीची सक्ती नाही आणि नोंदणी नसेल तर त्याला कर आकारता येत नाही.

वह्या, पेन्सिली व खोडरबर यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. छापील पुस्तकांवर पूर्वीपासूनच कर नाही. गणवेशाच्या कापडावर आणि २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आहे.

माफी म्हणजे पूर्ण सुटका नव्हे

येथे बहुतेकांची गफलत होते. फीवर कर नाही म्हणजे शाळा कर देत नाही, असे नव्हे. शाळा सिमेंट, बाके, संगणक, रंग घेते. त्या खरेदीवर कर भरते. विक्रीवर कर नसल्याने खरेदीवरील कराची वजावट तिला मिळत नाही. तो कर तिच्या खर्चात जातो व गुपचूप फीत मिसळतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शाळेत ३०० मुले असून वर्षाची फी १२,००० रुपये आहे. जमा ३६ लाख. बहुतांश खर्च पगाराचा, त्यावर जीएसटी नाही. समजा करपात्र खरेदी ६ लाखांची आणि सोयीसाठी सर्व खरेदीवर १८ टक्के धरला, तर कर १,०८,००० रुपये. दर मुलामागे ३६० रुपये. हा आज पालक भरीत असलेला लपलेला कर.

आता फीवर १८ टक्के कर लागला असे धरा. शाळेला वजावट मिळेल. तिने प्रामाणिकपणे ३६० रुपये कमी केले तर मूळ फी ११,६४० होईल. त्यावर १८ टक्के धरून पालकाला १३,७३५ रुपये द्यावे लागतील. म्हणजे १,७३५ रुपयांची वाढ. कर ५ टक्के व वजावट चालू असेल तर रक्कम १२,२२२ होईल, वाढ २२२ रुपयांची. एका दुकानदाराचा कर पुढचा दुकानदार वजा करून घेतो. पालक हा शेवटचा गिऱ्हाईक. त्याला कोठेही वजावट नाही.

वजावट अडकली की काय होते, हे भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना सांगावयास नको. कृत्रिम धाग्यावर जास्त आणि कापडावर कमी कर असताना जमलेली वजावट परत मिळत नव्हती. परताव्याचा मार्ग ऑगस्ट २०१८ पासून खुला झाला. म्हणून दर किती एवढेच विचारून भागत नाही. वजावट आहे की नाही, हेही विचारावे लागते.

दोन्ही बाजू

कराच्या बाजूचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जव्हार तालुक्यातील जामसर घ्या. हा आदिवासी पट्टा. जिल्हा परिषदेची शाळा आणि आश्रमशाळा हाच येथील गरिबाचा आधार. जामसरचा मजूर साबण घेतो, पोराचा सदरा घेतो, त्यावर कर भरतो. मुंबईत लाखो रुपये फी घेणाऱ्या शाळेच्या पालकाला फीवर मात्र माफी. हा कोणता न्याय, असे कोणी विचारले तर उत्तर द्यावे लागेल.

पण सरसकट कर लावला तर मार कोणाला बसेल? लाखो रुपये भरणारा कुरकुरेल आणि भरील. १२,००० भरणारा शिंपी किंवा फेरीवाला एका मुलाचे नाव काढून घेईल, आणि आमचा अनुभव असा की पहिले नाव मुलीचे निघते. दुसरे असे की आदिवासी विकास विभाग आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठवितो व फी सरकार भरते. तेथे कर लावणे म्हणजे सरकारने आपल्याच एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकणे. आणि आपल्या समाजात अनेक गरजू मुलांची फी जकातीच्या रकमेतून जाते. त्या फीवर कर बसला तर मुस्तहिकसाठी काढलेल्या रकमेचा एक भाग सरकारी तिजोरीत जाईल.

शिवाय आयकर भरणारा प्रत्येक जण कराच्या रकमेवर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर देतोच. शिक्षणाच्या नावाने २ टक्के उपकर २००४ साली सुरू झाला होता. तो पैसा जामसरच्या शाळेपर्यंत किती पोहोचतो, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

आमचे मत असे की सरसकट कर नसावा. कधी लावावयाचा झालाच तर फीची मोठी मर्यादा ठरवून त्यावरच्या शाळांनाच लावावा, वजावटीसह लावावा आणि येणारी रक्कम सरकारी शाळांसाठी बांधून ठेवावी. निर्णय जीएसटी परिषद घेते. तिच्यात केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे दोन तृतीयांश. तेव्हा व्यापारी संघटनांनी हा विषय राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे मांडावा.

आज काय करावे?

१. शाळेच्या फीच्या पावतीवर जीएसटी लावलेला दिसला तर लेखी खुलासा मागावा.

२. क्लासने १८ टक्के घेतले तर बिलावर जीएसटी नंबर आहे काय ते पाहावे. नंबर नसेल तर कर देऊ नये.

३. गणवेश विकणाऱ्या बंधूंनी दर बरोबर लावावा व पक्के बिल द्यावे. कच्च्या चिठ्ठीवर कर घेणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे आणि अशा कमाईत बरकत नाही.

४. ट्रस्टवरील बंधूंनी वर्षाच्या खरेदीत कर किती गेला याची वेगळी वही ठेवावी. उद्या सरकारपुढे बोलावयाचे झाले तर तक्रारीपेक्षा आकडे अधिक कामी येतील.