कार्ड आणण्याआधी एसएमपीएस बघा!

१९२१ च्या मुळशी सत्याग्रहावर गॅदरिंगसाठी फिल्म बनवत होतो. रेंडरला लावली की माझा डेस्कटॉप झोपायचा. म्हणून ग्राफिक्स कार्ड आणलं, तेही मोठं.

मित्रांनो (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या!), इथेच मी आपटलो. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून भुकेल्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी केबल लागते. ८ पिनची १५० वॅट देते. माझ्या एसएमपीएसला ती केबलच नव्हती! पुन्हा तापकीर गल्ली. वेगळी केबल न लागणारं जुनं जीटीएक्स १६५० मिळालं.

स्विच बंद करून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून स्टॅटिक घालवली, कार्ड बसवलं. तरी फरक शून्य. रूममेट म्हणाला, "अरे, मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डलाच आहे!"

ती कार्डाला लावली. टाइमलाइनवर सेनापती बापट न अडखळता सरकले.