डेंग्यूचा प्रसार आणि माणसाचे वर्तन

1996 साली, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, दिल्ली शहरात डेंग्यूची मोठी साथ उद्भवली. 10,000 हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि 400 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा वेळी आपण गटारे, डबकी आणि उकिरडे यांना दोष देऊन मोकळे होतो. परंतु डेंग्यूचा विषाणू वाहून नेणारा ‘एडीस इजिप्टी’ जातीचा डास गटाराच्या पाण्यापेक्षा साठविलेले स्वच्छ पाणी अधिक पसंत करतो. मुळात आफ्रिकेच्या अरण्यात, झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात त्याची पैदास होत असे. पुढे तो मनुष्यवस्तीला सरावला आणि जहाजांवरील पाण्याच्या पिंपांबरोबर इतर खंडांत जाऊन पोहोचला. आता पिंप, हौद, फुलदाणी, टाकून दिलेला टायर हीच त्याची ढोली होय.

या डासाची मादी भांड्याच्या आतील ओलसर भिंतीला, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, अंडी चिकटविते. पाणी आटले तरी ही अंडी कित्येक महिने टिकतात आणि पाणी पुन्हा चढताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे 7 ते 10 दिवस पुरतात. दिल्लीतील घरोघरचे कूलर या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहेत. उन्हाळ्यात त्यांत रोज पाणी भरले जाते. पाऊस सुरू झाला की कूलर बंद होतो, पण तळाशी पाणी तसेच राहते. हिवाळ्यात ते कोणी ओतून टाकले, तरी भिंती घासल्या नाहीत तर अंडी पुढील उन्हाळ्यापर्यंत टिकून राहू शकतात. म्हणून पाणी ओतून टाकणे पुरेसे नाही. भांडे घासून कोरडे करणे आवश्यक आहे.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. ज्या वस्तीत नळाला दिवसातून तास-दोन तासच पाणी येते, तेथील गृहिणी पाणी साठविणारच. तिला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. नियमित पाणीपुरवठा हाही डेंग्यूवरील एक उपायच आहे. तोपर्यंत पिंपावर घट्ट झाकण बसविणे, एवढे तरी तिच्या हाती आहे.

हा डास फार दूर उडत नाही. बहुधा एकदोनशे मीटरच्या परिसरातच तो आयुष्य घालवितो. मग साथ एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात जाते कशी? तिला माणूसच घेऊन जातो. ताप चढण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रुग्णाच्या रक्तातून विषाणू डासाकडे जाऊ शकतो. ज्यांना ताप जाणवतही नाही असे लोकही शाळेत, कचेरीत, नातलगांकडे जातात आणि तेथील डासांना नकळत विषाणू पुरवितात. सुमारे 8 ते 12 दिवसांनी तो डास इतरांना रोग देण्यास समर्थ होतो आणि मरेपर्यंत तसाच राहतो.

शिवाय हा डास दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी, चावतो. त्यामुळे केवळ रात्री मच्छरदाणी लावून संरक्षण होत नाही. आजाऱ्याच्या समाचाराला जाणे ही आपल्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे. परंतु रुग्णाच्या घरात असे डास असतील, तर भेटीस आलेल्यालाही तेथे रोगाची लागण होऊ शकते. यासाठी समाचार बंद करण्याचे कारण नाही. तापाच्या दिवसांत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे आणि भेटीस येणाऱ्यांनी हातपाय झाकणारे कपडे घालावेत.

धूर फवारणारी गाडी गल्लीत आली की लोकांना हायसे वाटते. पण त्या धुराने उडणारे डास मरतात. अंडी आणि अळ्या सुरक्षित राहतात. अंडी घालण्यापासून डास होईपर्यंत आठवडाभराचा अवधी लागतो, म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचा नियम रूढ झाला. दिल्लीत 2019 साली दहा आठवडे, दर रविवारी सकाळी दहा वाजता, दहा मिनिटे घरातील साचलेले पाणी तपासण्याची मोहीम काढण्यात आली होती. काम दहा मिनिटांचेच असते. मात्र शेजारच्या गच्चीवरील उघडी टाकी तशीच राहिली, तर एका घराच्या दक्षतेचा लाभ अपुरा पडतो. म्हणून ही सवय घराची न राहता गल्लीची व्हावी लागते.