सायकलीचा ब्रेक

उतारावर ब्रेक लागला नाहीं, तर दुरुस्तीस वेळ मिळत नाहीं; म्हणून त्याची परीक्षा घरून निघण्यापूर्वींच करावी.

मूठ दाबली असतां तार ओढली जाते, रबरें रिमवर दाबलीं जातात व घर्षणानें चाक थांबतें. दोष याच क्रमानें शोधावा. मूठ दांड्यास टेकत असेल, तर तार सैल झाली आहे किंवा रबरें झिजलीं आहेत. रबरांवरील खांचा बुजल्या असल्यास तीं बदलावीं; नसल्यास तार ताणून नट घट्ट करावा. तारेचा एक पदर जरी तुटला असला, तरी नवी तार घालावी. मूठ सोडूनही ब्रेक सुटत नसेल, तर तार बहुधा आवरणांत गंजली असते. तेथें तेल सोडावें. रिमवर मात्र थेंबही पडूं देऊं नये, कारण तेलकट रिमवर नवें रबरही घसरतें. रबर टायरला लागतां कामा नये. लागल्यास टायर कापतो.

शेवटीं एकेक ब्रेक दाबून सायकल पुढें ढकलून पाहावी. त्या ब्रेकचें चाक फिरतां कामा नये. पावसांत ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून वेग कमी ठेवावा. मागें धाकट्या भावंडास बसविणाऱ्यानें तर ही परीक्षा कधींही चुकवूं नये.