स्टेरॉइडची गोळी : उपकार आणि उधारी

मी वाणिज्य शाखेचा. परंतु हा हिशेब घराघरांतला आहे. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल तयार करतात. दमा, संधिवात यांवर दिले जाणारे प्रेडनिसोलोन हे त्याचेच कृत्रिम भावंड. बाहेरून माल येऊ लागला की घरचा कारखाना मंदावतो. म्हणून काही आठवडे घेतलेली गोळी एकाएकी सोडल्यास रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. डॉक्टर सांगतील तशी मात्रा हळूहळू उतरवावी.

२०२० साली डेक्सामेथासोनने प्राणवायू लागणाऱ्या कोरोना-रुग्णांचे प्राण वाचवले. मे २०२१ मध्ये मात्र आपल्या तेलंगणाला काळी बुरशी हा अधिसूचित रोग जाहीर करावा लागला. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्यामागची मोठी कारणे होती.

इचोड्यात औषधाच्या पाकिटावर इंग्रजी, दुकानदाराच्या तोंडी तेलुगू आणि माझ्या दमेकरी आजीला समजते मराठी! बरे वाटताच ती गोळी सोडू पाहते. म्हणून पाकिटावर मी मराठीत लिहिले : सकाळी, खाल्ल्यावर घ्यावी, साखर व रक्तदाब तपासावा, ताप आल्यास डॉक्टरांना कळवावे, जुन्या चिठ्ठीवर पुन्हा आणू नये, मनाने बंद करू नये. आपणही घरच्यांसाठी एवढे लिहून द्यावे.