काठिण्य आणि सफाई : मल्लखांबपटू हिमानी परब

विद्यार्थिनी : सर, जपानचे फिगर स्केटिंगपटू युझुरू हान्यू यांनी 2014 आणि 2018 अशा लागोपाठ दोन हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकले, परंतु ज्या खेळात गोल होत नाही आणि वेगही मोजला जात नाही, त्यात विजेता ठरतो कसा?

शिक्षक : फिगर स्केटिंगमध्ये, म्हणजे बर्फावर संगीताच्या साथीने करावयाच्या कसरतींत, प्रत्येक उडीचे मूळ गुण तिच्या काठिण्यावरून ठरलेले असतात, ती किती सफाईने झाली हे पाहून पंच त्यांत भर घालतात किंवा कपात करतात, आणि सादरीकरणाचे गुण निराळे धरतात. म्हणूनच 2022 मध्ये बीजिंगला हान्यू यांनी साडेचार फेऱ्यांच्या अ‍ॅक्सेल उडीचे धाडस केले, तेव्हा फेऱ्या अपुऱ्या राहून ते पडल्यामुळे गुण कापले गेले.

विद्यार्थिनी : आपल्याकडे मुंबईत काठिण्य आणि सफाई यांच्या अशाच कसोटीवर जोखला जाणारा खेळ कोणता?

शिक्षक : मल्लखांब. दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरात, जे 1925 मध्ये स्थापन झाले, हिमानी परब याच खेळात घडल्या. पुरलेल्या मल्लखांबावर, म्हणजे वर निमुळत्या होत गेलेल्या आणि एरंडेल चोळलेल्या लाकडी खांबावर, खेळाडू पायांच्या अढीने पकड घेत एका पवित्र्यातून दुसऱ्यात जातो, आणि तेथेही पंच काठिण्याबरोबर सफाई व तोल पारखतात.

विद्यार्थिनी : दोरीच्या मल्लखांबात तर आधारच हलता असतो, मग तोल साधतो कशाने?

शिक्षक : टांगलेली सुती दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत धरून खेळाडू वर चढतो आणि गाठ न मारता केवळ अंगाभोवती वेढे घेऊन आसने साकारतो, वेढा चुकीच्या जागी पडला तर पुढचे आसन जमत नाही, म्हणून येथे ताकदीइतकेच क्रमाच्या सरावालाही महत्त्व आहे.

विद्यार्थिनी : परब यांचे यश कोणते?

शिक्षक : फेब्रुवारी 2019 मध्ये शिवाजी पार्कवरच पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली आणि तीत महिलांचे वैयक्तिक विजेतेपद त्यांनी मिळविले. त्यानंतर 2021 चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला, जो मल्लखांबाच्या वाट्याला आलेला पहिलाच होता. आणि हा पुरस्कार एका स्पर्धेतील पदकापेक्षा मागील चार वर्षांच्या सातत्याची दखल घेणारा असल्यामुळे, एखादी अवघड कसरत एकदा साधण्यापेक्षा ती दरवेळी तितक्याच सफाईने साधणे हीच अशा खेळातील कारकिर्दीची खरी मोजणी ठरते.